चालवून पाहू, पण किती वेळ?

(नरखेड तालुक्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे संगणक नव्हता. विद्यापीठातली खुर्ची नव्हती, पदव्युत्तर पदवीही नव्हती. डहाणूला १९०५ साली जन्मलेल्या, ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या या मास्तरांचे भांडवल म्हणजे कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे वेड. त्या भांडवलावर त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत एक गंमत मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून ते चार अंकी समजा. त्या उत्तरावर पुन्हा हेच करा. शेवटी ६१७४ येते, आणि त्यापुढे काही बदलत नाही, कारण ७६४१ उणे १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च.

परिषदेचे वर्षच घेऊन पाहा. ९९४१ उणे १४९९ म्हणजे ८४४२. त्यानंतर ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. कोणत्याही चार अंकी संख्येला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत. म्हणजे १९४९ ने करता येईल तितका उशीर पुरेपूर केला आहे.

त्या काळी अनेक गणितज्ञांनी ही करमणूक म्हणून बाजूला ठेवली. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. पण आजचा विषय कापरेकरांचे कौतुक एवढाच नाही. त्यांची ही वजाबाकी संगणकशास्त्रातल्या एका फार मोठ्या प्रश्नाच्या दारात आपल्याला नेऊन उभी करते.

शाळेतल्या एखाद्या मुलीने या वजाबाकीचा प्रोग्राम लिहिला असे समजा. ‘संख्या बदलायची थांबेपर्यंत हेच करत राहा’ एवढीच त्याची आज्ञा. हा प्रोग्राम प्रत्येक वेळी थांबेल का? उत्तर काढायला फार विद्वत्ता लागत नाही. ०००० ते ९९९९ या दहा हजारांतून चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या की ९,९९० उरतात. सगळ्या चालवून पाहा. आजच्या साध्या फोनलाही हे डोळ्याचे पाते लवेपर्यंत जमेल.

थोडे डोके चालवले तर फोनही नको. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकीचे उत्तर येते ९९९ गुणिले (क उणे घ) अधिक ९० गुणिले (ख उणे ग). मूळ संख्या कोणतीही असो, उत्तर या दोन फरकांवरच ठरते, आणि अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४ निघतात. ९,९९० चे काम ५४ वर आले. एका दुपारचे पेन्सिलकाम.

आता हाच प्रोग्राम दोन अंकी संख्यांवर सोडा. २७ घेतले तर ७२ उणे २७ म्हणजे ४५. मग ०९, मग ८१, मग ६३ आणि पुन्हा २७. पाच संख्यांचे चक्र. प्रोग्राम संख्या स्थिर होण्याची वाट पाहत बसतो, आणि ती कधीच स्थिर होत नाही. पाच अंकी संख्यांतही तेच: ५३९५५ वरून ५९९९४ आणि त्यावरून पुन्हा ५३९५५. इथे ‘हा थांबणार नाही’ असे छातीठोकपणे सांगता येते, आणि तेही नुसते चालवून पाहून. आधी दिसलेली संख्या पुन्हा दिसली की पुढचा सगळा प्रवास पहिल्यासारखाच होणार. नियम तोच, संख्या तीच, मग वेगळे घडणार कुठून?

तेव्हा प्रोग्राम चालवून पाहणे, म्हणजे सिम्युलेशन, निरुपयोगी आहे असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. ज्या यंत्राच्या अवस्था मोजक्या आहेत, त्याच्याबाबत सिम्युलेशन प्रश्नाचा पूर्ण निकाल लावते. यंत्र एकतर थांबते, नाहीतर कधीतरी जुन्या अवस्थेत परत येते. तिसरी शक्यताच नाही. अर्थात ‘मोजक्या’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. फक्त एक किलोबाइट स्मृती असलेल्या यंत्राच्या शक्य अवस्थांची संख्या लिहायची तर २,४६७ अंक लागतात. तत्त्वाने प्रश्न सुटला. प्रत्यक्षात विश्वाचे सगळे आयुष्यही पुरणार नाही.

खरी अडचण सुरू होते ती संख्येला वाढायची मोकळीक दिल्यावर. जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम शाळकरी आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आले की थांबा. २६ पासून निघालात तर दहा पावलांत १ गाठता. शेजारच्या २७ पासून निघालात तर १११ पावले पडतात आणि वाटेत ९,२३२ पर्यंत चढून यावे लागते. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का? चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचे डेव्हिड बारिना यांनी २०२० साली दोनाच्या ६८ व्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्या संगणकावर तपासल्याचे प्रसिद्ध केले, पुढे ती हद्द ७१ व्या घातापर्यंत नेली. न थांबणारी एकही संख्या सापडली नाही. तरी प्रश्न सुटलेला नाही. पुढची एखादी संख्या अशी असू शकते, की ती कधीच जुन्या जागी परत येत नाही आणि १ वरही येत नाही, नुसती वाढतच जाते. तिला चालवत बसणाऱ्याला कोणत्या क्षणी म्हणता येईल, की आता पुरे, उत्तर मिळाले?

नरखेड जंक्शनवर इटारसीकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्याला हे लगेच समजेल. गाडी आली की ‘आली’ हे डोळ्यांनी कळते. पण ‘ती येणारच नाही’ हे फलाटावर कितीही वेळ उभे राहून कळत नाही; त्यासाठी स्टेशनमास्तरकडे वेगळी बातमी यावी लागते. सिम्युलेशन म्हणजे फलाटावर उभे राहणे. ‘थांबला’ हे उत्तर ते देते. ‘थांबणार नाही’ हे उत्तर नुसत्या उभे राहण्यातून निघत नाही.

यावर हुशार माणसे एक तोड सुचवतात. वाट पाहायचीच कशाला? प्रोग्रामची नक्कल चालवावी, तिच्यावर नजर ठेवावी, ती त्याच त्याच जाळ्यात शिरताना दिसली की मध्येच तोडावी आणि ‘हा थांबणार नाही’ असा निकाल द्यावा. कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हा गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांचा सिद्धांत; असा परीक्षक प्रोग्राम लिहिता आला तर तो गडगडला, असे दावे वेळोवेळी होत असतात. कल्पना वेडगळ नाही. म्हणूनच ती नीट उलगडून पाहायला हवी.

समजा असा परीक्षक आहे. त्याच्या हाती कोणताही प्रोग्राम दिला की तो ‘थांबेल’ किंवा ‘थांबणार नाही’ यांपैकी एक उत्तर देतो. आता एक विरोधक प्रोग्राम लिहू. विरोधकाच्या पोटातच परीक्षकाची संपूर्ण प्रत आहे. सुरू होताच तो तिला स्वतःबद्दल विचारतो: मी थांबेन का? ‘थांबेल’ असे उत्तर आले तर तो मुद्दाम अंतहीन लूपमध्ये शिरतो. ‘थांबणार नाही’ असे आले तर तिथल्या तिथे थांबतो. हा विरोधक परीक्षकापुढे ठेवला. परीक्षक नक्कल चालवू लागतो. नकलेतला विरोधक आपल्या पोटातल्या परीक्षकाला विचारतो, तो परीक्षक आणखी एक नक्कल सुरू करतो, तिच्यातला विरोधक पुन्हा विचारतो. परीक्षकाने हे असेच चालू दिले तर तो स्वतःच कधी उत्तर देणार नाही, म्हणजे परीक्षक म्हणून तो बाद. म्हणून तो शहाणपणा करतो: एकात एक नकला शिरताना दिसताहेत, हे कधी संपणार नाही, तोडा. आणि निकाल देतो: ‘थांबणार नाही.’

हाच निकाल खऱ्या विरोधकाच्या कानी पडतो. आणि विरोधक थांबतो.

इथे बचाव केला जातो, की आम्ही पाहिलेली नक्कल शेवटापर्यंत पोचलीच नव्हती, तेव्हा आमचा निकाल त्या नकलेपुरता बरोबर आहे. नक्कल शेवटापर्यंत पोचली नाही हे खरे. ती तुम्हीच तोडली होती. दुसऱ्या एखाद्याने तोच विरोधक न तोडता, धीराने चालवला असता, तर थोड्याच वेळात तो थांबलेला दिसला असता. प्रश्न विरोधकाबद्दल होता, अर्धवट सोडलेल्या नकलेबद्दल नव्हता.

पण चुकीचे मूळ याहून खोल आहे. ‘मी मध्ये पडलो नसतो तर हे कायम चालले असते’ हा परीक्षकाचा अंदाज खोटा नाही. तो फक्त दुसऱ्याच प्रोग्रामबद्दलचा आहे. ज्या विरोधकाच्या पोटातला परीक्षक कधीच मध्ये पडत नाही, तो विरोधक खरोखरच कायम चालला असता. समोर ठेवलेल्या विरोधकाच्या पोटात मात्र मध्ये पडणाराच परीक्षक आहे. परीक्षक बदलला की विरोधकही बदलतो, कारण तो परीक्षकाला पोटात घेऊन फिरतो. परीक्षक कितीही चलाख करा, त्याच्याच प्रतीवर बांधलेला नवा विरोधक त्याची वाट पाहत असतो. प्रस्तुत वक्त्याच्या मते सिम्युलेशनवाल्यांच्या सगळ्या युक्त्या याच एका खड्ड्यात पडतात.

अॅलन ट्युरिंग यांना ही युक्ती सुचली नव्हती, असेही कोणी समजू नये. त्यांचे वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. मुलगा इंग्लंडात वाढला. मे १९३६ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, अॅलन यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे आपला प्रसिद्ध निबंध पाठवला. दुसऱ्या कोणत्याही यंत्राची नक्कल करू शकणारे ‘सार्वत्रिक यंत्र’ याच निबंधात पहिल्यांदा येते. म्हणजे सिम्युलेशनची कल्पना आणि तिची मर्यादा एकाच निबंधातून एकदमच जगासमोर आल्या. त्यांचा प्रश्न थोडा वेगळा होता: यंत्र अखंड अंक छापत राहील, की मध्येच अडकेल? पण सिद्धता मात्र थेट सिम्युलेशनवर उभी आहे. निर्णय देणारे एक यंत्र त्यांनी गृहीत धरले, त्याला सार्वत्रिक यंत्राची जोड दिली, आणि हे जोडयंत्र एकामागून एक सर्व यंत्रांच्या क्रमांकांवरून चालवले. चालता चालता ते स्वतःच्याच क्रमांकापाशी येते. तिथे त्याला पुढचा अंक हवा असतो, त्यासाठी स्वतःची नक्कल याच जागेपर्यंत चालवावी लागते, आणि या जागेवर पुन्हा तेच काम पुढ्यात. तो अंक कधीच मिळत नाही. नकलेत नक्कल शिरण्याचा जो घोळ आज नवा शोध म्हणून मांडला जातो, तो १९३६ साली सिद्धतेचा कणा होता.

मग ‘थांबणार नाही’ ही खात्री माणसाला मिळतच नाही का? मिळते. पण तिची किंमत वेगळी मोजावी लागते, आणि अलीकडचे सर्वांत रंगतदार उदाहरण २०२४ सालचे आहे.

गणितज्ञ टिबोर राडो यांनी १९६२ साली एक खेळ मांडला. ट्युरिंग यंत्राला, म्हणजे फितीवरची चिन्हे वाचत-लिहीत पुढे-मागे सरकणाऱ्या ट्युरिंग यांच्या काल्पनिक यंत्राला, ठरावीक अवस्था द्यायच्या, कोऱ्या फितीवर सोडायचे, फितीवर फक्त ० आणि १ लिहू द्यायचे. जी यंत्रे थांबतात, त्यांतले सर्वांत जास्त पावले चालणारे कोणते? एका अवस्थेला उत्तर १, दोनांना ६, तीनांना २१, चारांना १०७. पाच अवस्थांचे ४,७१,७६,८७० पावले चालून थांबणारे यंत्र हायनर मार्क्सन आणि युर्गेन बुंट्रॉक यांना १९८९ साली सापडले. विक्रम हाच की याहून मोठा कोणी लपला आहे, हे ठरायला पस्तीस वर्षे लागली. या आकड्याचे महत्त्व असे, की तो एकदा पक्का झाला की सिम्युलेशनला निकालाची ताकद येते. पाच अवस्थांचे कोणतेही यंत्र तेवढी पावले चालवा. तोवर थांबले नाही तर ते कधीच थांबणार नाही. पण तो पक्का कसा करायचा? न थांबणारे प्रत्येक यंत्र खरोखरच थांबत नाही, हे सिद्ध करून. म्हणजे सिम्युलेशनच्या हाती जे येत नाही तेच आधी हवे.

त्रिस्तान स्तेराँ यांनी २०२२ साली सुरू केलेल्या एका सामूहिक प्रकल्पात जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी हे काम अंगावर घेतले. सारखीच वागणारी यंत्रे एकत्र केल्यावरही सुमारे १८ कोटी यंत्रांचा निकाल लावायचा होता. बहुतेक सोपी होती. काही मात्र द्वाड. ‘स्केलेट क्रमांक १’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र शेवटी एका ठरावीक चालीत शिरते खरे, पण एकावर ५१ शून्ये एवढी पावले टाकून झाल्यावर. सेकंदाला शंभर कोटी पावले टाकणारा संगणक विश्वाच्या जन्मापासून चालवला असता तरी तो या मजलेच्या जवळपास पोचला नसता. चालीतले नमुने ओळखून, एका उडीत कोट्यवधी पावले ओलांडणारे गणित मांडले तेव्हा ते हाती लागले. जुलै २०२४ मध्ये संपूर्ण सिद्धता जाहीर झाली. तिची एकेक पायरी कॉक या सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पडताळली होती. विक्रम ४,७१,७६,८७० वरच कायम राहिला.

सहा अवस्थांकडे वळले की सगळे पुन्हा अंधारात. ‘अँटिहायड्रा’ नावाचे सहा अवस्थांचे एक यंत्र २०२४ मध्येच सापडले. त्याचा सारा व्यवहार कापरेकरांच्या वहीत शोभावा असा आहे. ८ पासून निघा; प्रत्येक वेळी संख्येची दीडपट करा आणि अपूर्णांक आला तर सोडून द्या. ८, १२, १८, २७, ४०, ६०, ९०, १३५ असे पुढे. आलेल्या विषम संख्या सम संख्यांच्या दुपटीहून जास्त झाल्या तर यंत्र थांबते. सम-विषमाचे प्रमाण साधारण बरोबरीचेच राहते असे दिसते, म्हणून ते थांबत नसावे असा तज्ज्ञांचा कयास आहे. सिद्धता कोणाकडेही नाही.

हे सगळे फितीवरच्या यंत्रांचे. व्यवहारात काय? ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० गिगाबाइटचे झ्यून नावाचे गाणी ऐकण्याचे यंत्र जगभर एकाच दिवशी गोठले. दोष तारीख काढणाऱ्या छोट्याशा लूपमध्ये होता. शिल्लक दिवस ३६५ पेक्षा जास्त असतील तोवर वर्षाचे दिवस वजा करत जायचे. लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा करायचे. दिवस नेमके ३६६ उरले तर? वजा काहीच होत नाही, लूपही संपत नाही. लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशीच ही वेळ येते, आणि २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आलेल्या या यंत्राला असा दिवस त्या वर्षी पहिल्यांदाच भेटला. त्याआधीच्या प्रत्येक दिवशी हाच लूप व्यवस्थित थांबला होता. ३१ डिसेंबर २००८ ही तारीख आधी देऊन कोणी तो चालवला असता, तर थोड्याच फेऱ्यांत तीच अवस्था पुन्हा आलेली दिसली असती. पण नेमकी ती तारीख द्यायची हे सुचायला हवे होते. लूप वाचणाऱ्याला मात्र तारीख सुचण्याची गरज नव्हती: एका फांदीत शिल्लक दिवस घटतच नाहीत, एवढे नजरेस पडले असते तरी पुरे होते.

प्रत्येक फेरीत काय घटते हे दाखवा, हा मार्गही ट्युरिंग यांनीच घालून दिलेला. जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत त्यांनी मोठा प्रोग्राम कसा तपासावा यावर एक छोटा निबंध वाचला आणि त्यात प्रोग्राम थांबतो हे सिद्ध करायची ही रीत मांडली. कापरेकर मद्रासला उभे राहिले तेच हे वर्ष.

महाराष्ट्रात प्रोग्राम पडताळण्याच्या या विद्येचे मोठे घर पुण्यात आहे. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर १९८१ साली तिथे सुरू झाले. तिथल्या संशोधकांच्या ‘व्हेरिअॅब्ज’ या साधनाने २०२० च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर पडताळणी स्पर्धेत, प्रोग्राम चुकीच्या जागी पोचू शकतो का हे तपासणाऱ्या गटात पहिला क्रमांक मिळवला. लाखो फेऱ्यांचा लूप एकेक फेरी चालवत बसण्याऐवजी त्याच्या जागी सोपा, मोजक्या फेऱ्यांचा आराखडा ठेवून निष्कर्ष काढायचा, हा त्याच्या पद्धतींतला एक मोठा भाग. या स्पर्धेचे गुण पाहण्यासारखे आहेत. ‘प्रोग्राम निर्दोष’ हे बरोबर सांगितले तर दोन गुण, चुकीचे सांगितले तर उणे बत्तीस. ‘सांगता येत नाही’ म्हटले तर शून्य. ट्युरिंग यांच्या सिद्धांताने ज्याची सक्ती केली ते तिसरे उत्तर इथे नियमातच लिहिलेले आहे, आणि त्याला दंड नाही.

शेवटी इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती. संगणकाच्या तासाला मुलांनी लूप लिहिला आणि तो दोन-चार आकड्यांवर बरोबर थांबला की पाठ थोपटून पुढे जाऊ नका. प्रत्येक फेरीत नेमके काय घटते आहे, हे त्यांना त्याच वहीत एका ओळीत लिहायला सांगा. आणि ज्या मुलाला ती ओळ लिहिता येणार नाही, त्याच्यासमोर अँटिहायड्राचा ८ ठेवा.